कुंभाभिषेकाचा गरुड

आमच्या तंजावूरला डोंगर नाही. सगळा मुलूख परातीसारखा सपाट, वर भात आणि नारळ. फक्त वल्लमच्या बाजूला तांबड्या मातीचा एक लांबट उंचवटा आहे. त्याच्या पाठीवर चढून उभं राहिलं की खालची शेतं आणि कालवे दूरवर दिसतात. त्यालाच आम्ही कौतुकानं डोंगर म्हणतो. दर फाल्गुनात सकाळी सकाळी मी त्या डोंगरावर गळ्यात दुर्बीण अडकवून उभी असते आणि परत निघालेले शिकारी पक्षी मोजते.

लोक हसतात. हसोत बापडे. शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त झाले, नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. दुसऱ्या बायका मालिका बघतात, मी आकाश बघते. थंडीत उत्तरेकडून भोवते येतात, ससाणे येतात, आमच्या भातातले उंदीर-बेडूक खाऊन गुबगुबीत होतात आणि ऊन तापायला लागलं की गरम हवेवर गोल गोल चढत घरी जातात. किती गेले, कुठले गेले, हे कुणीतरी नीट बघायला नको?

नीट म्हणजे नीट. आमच्या मोजणीचा नियम मीच घातलाय: दिसलं तेवढंच बोलायचं. पक्षी ओळखू आला नाही तर ‘अनोळखी’ म्हणायचं, त्यात लाज नाही. वीज मंडळातला प्राणेश माझ्याबरोबर मोजायला येतो. त्यानं एकदा “टीचर, ससाणा वाटतोय” म्हटलं तर मी त्याला असा झापला होता! “वाटतोय म्हणजे काय रे? तुला काय वाटतं ते बायकोला सांग. मला दिसलं काय ते सांग.” तेव्हापासून तो माझ्याहून जास्त वेळा ‘अनोळखी’ म्हणतो.

असो. सांगायचंय ते अक्काचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नागलक्ष्मी. राजवाड्यामागच्या गल्लीत मुलाकडे, श्रीकरकडे, राहते. आई लवकर गेली. माझी वेणी घालण्यापासून मला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. या अक्काच्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. चार पायऱ्या चढली की भिंतीला हात लावून उभी राहते आणि वर म्हणते, “काही नाही गं, भिंतीला चुना लावायला झालाय का ते बघत होते.” तिरुचीच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलायला हवी, उशीर नको. अक्का म्हणाली, बघू. पोंगल झाला की बघू. नातीची परीक्षा झाली की बघू. डॉक्टरांनी शेवटी श्रीकरला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका.

अक्काला भीती वाटत होती. पण भीती वाटते असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मग एका संध्याकाळी सगळे तिच्यामागे लागले असताना ती म्हणाली, “आपल्या देवळाचा कुंभाभिषेक आहे ना? गरुड आला तर करून घेते ऑपरेशन. पोदुम, पुरे झालं. आता कुणी बोलू नका.”

श्रीकरनं सुटकेचा असा श्वास सोडला की बाहेर ऐकू गेला असेल. कारण गरुड येतोच. तिकडे महाराष्ट्रात गरुड म्हणजे काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्याकडे गरुड म्हणजे पांढऱ्या डोक्याची, पांढऱ्या छातीची, विटकरी पंखांची ती देखणी घार. पक्ष्यांच्या पुस्तकातली ब्राह्मणी घार. देवळाची डागडुजी होऊन कळसावर पाणी घालतात त्या घटकेला ती वर घिरट्या घालते, आणि ती आली म्हणजे देव आला असं इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कालव्याकाठचा पक्षी तो, गर्दी झाली, धूर झाला, की बघायला येतो. मी ते कारण वर्गात शिकवलेलंही आहे. तेव्हा अक्कानं खरं तर ‘हो’च म्हटलं होतं. स्वतःच्या तोंडानं म्हणवेना, म्हणून ते तिनं गरुडावर सोपवलं होतं. एवढं साधं मला त्या दिवशी कळलं असतं तर!

देऊळ पापनाशमच्या पुढे, आमच्या जुन्या शेतीच्या गावात. लहानसंच, पण त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. यज्ञाचा धूर, नादस्वरम्, लाउडस्पीकर, केळीचे खांब. भुवनानं, म्हणजे श्रीकरच्या बायकोनं, अक्कासाठी प्लास्टिकची खुर्ची मिळवली आणि स्वतः मोबाईल उंच धरून उभी राहिली. ती भात शिजल्याचाही व्हिडिओ काढते. अक्काला तिच्या लग्नातलं पिवळं रेशमी लुगडं नेसायचं होतं, तेच नेसली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभी. खरं सांगते, मी जरा चिडलेलीच होते. लागोपाठ आठवडाभर डोंगरावर उन्हात उभी राहिलेले, आणि नेमक्या त्या सकाळी वारा छान पडलेला. भोवते धो धो निघाले असणार, आणि प्राणेश तिथे एकटा. शिवाय माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, देवळाच्या कमिटीतले, ते मघापासून प्रत्येक कावळ्याला, प्रत्येक बगळ्याला “गरुडन! गरुडन!” म्हणून ओरडत होते. डोकं उठवलं होतं मेल्यानं.

भटजी घागरी घेऊन कळसापाशी चढले. सगळ्यांच्या माना वर. आणि पूर्वेकडून, अगदी सूर्याच्या अंगानं, एक पक्षी आला.

गर्दीतून असा आवाज उठला की अंगावर काटा यावा. हात वर जोडले गेले, बायका रडायला लागल्या, वरून पाणी उडालं. अक्का खुर्चीतून उठली. तिला उंचावरचं आता धड दिसत नाही. तिनं हात जोडले, माझ्याकडे वळली आणि विचारलं, “सुप्रभा, आला ना गं?”

बघा, तिनं कमिटीवाल्याला विचारलं नाही. भुवनाला विचारलं नाही. मला विचारलं.

मी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. उन्हात काळसर अंग दिसलं, फिकट डोकं दिसलं, पंख जरा वर उचललेले वाटले. शेजारचा तो माणूस माझ्या कानात ओरडत होता. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, “छे! गरुड कुठला? भोवत्या आहे हा. मादी. या दिवसांत परत चालल्यात त्या. लोकांना डोकं पांढरं दिसलं की झालं.”

कमिटीवाल्याचं तोंड बंद झालं. मला, देवाशपथ, क्षणभर फार बरं वाटलं.

मग अक्काकडे लक्ष गेलं. तिचे जोडलेले हात हळूहळू खाली येत होते. ती परत खुर्चीत बसली आणि लुगड्याचा पदर नीट करत राहिली. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “श्रीकर, तिरुचीला फोन करून सांग, नको म्हणून.”

श्रीकर मला कधी उलट बोललेला नाही. त्या रात्री फोनवर बोलला. “मावशी, एक दिवस, फक्त एक दिवस तोंड मिटून बसली असतीस तर आकाश कोसळलं असतं का गं?” मी म्हटलं, “खोटं बोलू? मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे.” तो म्हणाला, “हो. तुला खोटं बोलता येत नाही, आणि माझी आई मरणार.” आणि त्यानं फोन ठेवला.

मी बसून राहिले. जेवण गेलं नाही. तरीसुद्धा मनात एक हट्टी कोपरा होता, तो म्हणत होता, खरं ते खरं. अक्कानं असली अट घालावीच का? मी काय करू? पक्षी मी पाठवला होता का? स्वतःला असं पटवत पटवत पहाट केली आणि मोटर-रिक्षा करून डोंगरावर गेले. घरी बसवेना, दुसरं काय.

प्राणेश आधीच आला होता. भोवते उठायला अजून वेळ होता. त्यानं फ्लास्कमधली कॉफी दिली. मी मोबाईल काढला तर भुवनानं घरच्या ग्रुपवर कुंभाभिषेकाचा व्हिडिओ टाकलेला. खाली तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, ‘सगळ्यांनी पाहा’. आमच्याकडे नव्या पिढीत देवनागरी कुणाला येते? मी पाहिला. धूर, कळस, पाणी, आरडाओरडा. माझा आवाजही होता त्यात, “छे! गरुड कुठला?” आपलाच आवाज ऐकून मला शिसारी आली.

मी बंद करणार, तेवढ्यात पक्षी वळला.

मी बोलत होते तेव्हा तो सूर्याच्या अंगाला होता. बोलून झाल्यावर मी वर पाहायचंच सोडलं होतं, त्या माणसाचं उतरलेलं तोंड बघत होते. पण भुवनाचा मोबाईल वरच धरलेला होता. पक्षी कळसाला वळसा घालून पश्चिमेकडे आला आणि सगळं ऊन त्याच्या पोटावर पडलं. डोकं पांढरं. मान पांढरी. छाती पांढरी, पार खालपर्यंत. पंख विटकरी, शेपूट आखूड आणि गोल. त्यानं आणखी दोन घिरट्या घातल्या, अगदी संथ. कुठला भोवत्या आणि कुठलं काय!

कॉफीचा पेला हातातून मातीत पडला.

“टीचर, काय झालं?”

मी आवाज बंद करून मोबाईल त्याच्यापुढे धरला. “हा कोण, सांग.”

त्यानं पूर्ण बघूनही घेतलं नाही. “ब्राह्मणी घार की. टीचर, हे तर लहान मूलही सांगेल.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाला, “म्हणजे... वाटतं नाही हं, दिसतंय.”

आठवडाभर भोवते मोजले होते, म्हणून मला भोवत्या दिसला. इतकंच. ऊन डोळ्यांत होतं, पक्षी काळा होता, मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं. प्राणेश असता तर ‘अनोळखी’ म्हणाला असता. मी त्याला तेच शिकवलं होतं ना! पण चारचौघांत, त्या ओरडणाऱ्या माणसापुढे, ‘मला कळलं नाही, अक्का’ एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. खरं बोलण्याचा केवढा तो तोरा, आणि मी खरं बोललेच नव्हते. अक्काच्या दारात आलेला गरुड मी हाकलून दिला होता.

त्या दिवशी भोवते किती गेले मला विचारू नका. मी तशीच खाली उतरले.

अक्का ओसरीवर चिंच निवडत बसली होती. सुपात चिंच, पायाशी चिंचोके. श्रीकर ऑफिसला गेला होता. भुवना आत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. बरोबरच होतं तिचं.

“ये,” अक्का म्हणाली. “एवढ्या उन्हाची? काल काही खाल्लंस की नाही? तोंड बघ कसं झालंय.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. “अक्का, मी चुकले. काल आला होता तो गरुडच होता.”

ती चिंच सोलत राहिली.

“ऐकतेस ना? गरुड होता. मला उन्हात नीट दिसलं नाही, आणि मी उगाच शहाणपण पाजळलं. आता व्हिडिओत पाहिलं. पांढरी छाती आहे, सगळं आहे. हे बघ.” मी मोबाईल पुढे केला.

तिनं तो हातानं बाजूला सारला, हळूच, चिंचेचे हात लागू नयेत म्हणून मनगटानं. “मला त्यात काय दिसणार? आणि मोबाईलमध्ये काय, कुठलाही पक्षी दाखवतात.”

“कुठलाही नाही गं! भुवनाला विचार. प्राणेशला विचार.”

अक्का हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, मी पाठीवर हात फिरवला. जरा थांबून ती म्हणाली, “मला बघायला आले होते ते आठवतं? तू परकरात होतीस. मुलाकडच्यांनी विचारलं, गोड कुणी केलंय? सगळे म्हणाले, नागलक्ष्मीनं. तू मध्येच उभी राहून म्हणालीस, नाही, शेजारच्या मामींनी केलंय, अक्कानं केलेलं करपलं.”

“अक्का, आता ते कशाला—”

“आमचे हे हसले म्हणून जमलं बाई लग्न. अप्पांनी तुला मारलं, तरी तू म्हणत होतीस, करपलं होतं, करपलं होतं. अशी तू. तुला खोटं बोलताच येत नाही. बघ ना, आता बोलतेयस तर हात कसे थरथरतायत.”

मी हातांकडे पाहिलं. थरथरत होते खरे.

“अक्का, मी आत्ता खोटं बोलत नाहीये!” मी ओरडलेच. “काल चुकले. आज खरं सांगतेय. तुझ्या गळ्याशपथ—”

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला, चिंचेचा, चिकट. “शपथ नको. खोटी शपथ घेऊ नये, पाप लागतं. माझ्यापायी तुला पाप नको.”

मी तिच्या हाताखाली रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते. मला सांगायचं होतं की अगं, तो तुझ्यासाठी आला होता, कळसावर तीनदा फिरला, तू विचारलंस तेव्हा तो तिथे होता. पण मी जितकं सांगू पाहत होते तितकं तिचं तोंड मऊ होत चाललं होतं. प्रत्येक शब्दानं तिची खात्री पटत होती की मी खोटं बोलतेय.

“पुरे,” ती म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. “एवढी का तुला मी हवी आहे? जन्मात खोटं बोलली नाहीस, आणि आता शपथा घ्यायला निघालीस!” तिनं पदरानं माझ्या तोंडावरची चिंच पुसली. “सरी, ठीक आहे. श्रीकरला फोन कर. म्हणावं, तारीख घे.”

मी तोंड उघडलं. ‘अक्का, पण गरुड खरंच—’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आता आणखी हट्ट केला, भुवनाला बोलावलं, व्हिडिओ तिच्या डोळ्यांशी नेला, आणि तिला एखाद्या वेळेस पटलं तर? गरुड मिळेल तिला. किंवा चिडेल, म्हणेल, सगळे मिळून मला फसवताय, आणि पुन्हा ‘नको’ म्हणेल. तिचा ‘हो’ माझ्या हातात होता, आणि तो कशाच्या जोरावर उभा आहे ते मला दिसत होतं.

मी मोबाईल उचलला आणि श्रीकरला फोन केला. बस्स.

भुवनानं दारातून सगळं ऐकलं होतं. तिनंही व्हिडिओ पाहिला होता, तिला पक्ष्याचं ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. त्या रात्री तिनं ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. मी सांगितलं नव्हतं. काढू नकोस असंही म्हणाले नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. अतिदक्षता विभागाबाहेर बसून मी कुठल्या देवाचं नाव घ्यावं हेच मला कळत नव्हतं. ज्याचा निरोप मी अडवला त्याच्याकडे कुठल्या तोंडानं मागायचं? पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. आठवड्याभरानं अक्का खाटेवर टेकून बसली, इडली कडक आहे म्हणून नर्सला बोलली, आणि श्रीकर बाहेर जाऊन जिन्यावर बसून रडून आला.

मग माणसं यायला लागली. गल्लीतल्या, पापनाशमच्या, नात्यातल्या बायका. प्रत्येकीनं विचारलं, तुम्ही तर नको म्हणाला होता ना? आणि अक्का प्रत्येकीला, धाप न लागता, तीच गोष्ट सांगायची. गरुडाची अट घातली होती, गरुड काही आला नाही, माझ्या नशिबात नव्हता. पण ही बघा माझी बहीण. शाळेत पोरं हिला चळचळा कापायची, हिच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. ती माझ्यासाठी, जमिनीवर बसून, रडत रडत खोटं बोलली. म्हणाली, गरुडच होता! सांगताना अक्काचा चेहरा इतका उजळायचा की ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या आणि माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मी खिडकीशी उभी राहून मोसंबी सोलत असायची.

परवा गावचे तेच कमिटीवाले गृहस्थ आले, प्रसाद घेऊन. मला बघून जरा बिचकले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “अम्मा, काही म्हणा, आम्हाला तर तो गरुडच वाटला होता हो.”

माझा हात थांबला. एवढंच म्हणायचं होतं: होता. तुम्हाला दिसला, मला दिसला नाही.

“नाही हो,” अक्का त्यांना समजावत म्हणाली. “सुप्रभाला त्यातलं सगळं कळतं. भोवत्या होता तो. मादी. परत चाललेली.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं, हसून, लहानपणी वेणी घालून झाल्यावर पाहायची तसं. “ती माझ्यासाठी खोटं बोलली, म्हणून मी आज इथे आहे. हो की नाही गं?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोसंबीची फोड तिच्या हातात दिली.

“हो, अक्का,” मी म्हणाले. “खोटं बोलले.”

जन्मात पहिल्यांदा.